विचारा भंडाऱ्याला : इटलीचं फडताळ

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की इटलीतल्या घरांत टोमॅटो हा तसा उशिरा आलेला पाहुणा, आणि क्रीम घातलेला पास्ता मी तिथे कुणाच्या घरी पाहिला नाही. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, काका, हा महिना इटलीलाच देऊन टाका. दिला. सुरमईला कोकम की चिंच, हा वाद पुढच्या महिन्यात.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. बोटीवर रांधणाऱ्याला खलाशी लोक भंडारी म्हणतात. मी २६ वर्षं मालवाहू बोटींवर भंडारी होतो. आता माझगावात तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून गोदीच्या क्रेन दिसतात तिथे बसून ही उत्तरं लिहितो. १९८८ साली आमची बोट इटलीतल्या जेनोव्या बंदरात दुरुस्तीसाठी गोदीत गेली आणि एक सुटा भाग येईना म्हणून ४ महिने तिथेच राहिली. बंदरामागच्या बोळांत, गिरगावातल्या वाड्यांहूनही अरुंद बोळांत, एका विधवा म्हातारीकडे मला खोली मिळाली. तिला मी सिन्योरा म्हणायचो. पहिले १५ दिवस तिने मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं. एका सकाळी तिने बाजारातून अँचोव्ही आणले. आपल्या मांदेलीच्याच कुळातला हा बोटाएवढा मासा. मी सुरीला हात न लावता नुसत्या अंगठ्याने दोन किलो साफ करून दिले, आणि उंबरा ओलांडायची परवानगी मिळाली. मला जे काही येतं ते त्या ४ महिन्यांतलं, उरलेलं वाचून आणि विचारून.

प्रश्न : मुलगा नोकरीला लागला. पहिल्या पगारात घरात ‘इटालियन किचन’ करायचं म्हणतो. त्याच्या यादीत २३ वस्तू आहेत : ट्रफलचं तेल, बाल्सामिक, पेस्टोची बाटली, इटालियन सीझनिंग, तीन तऱ्हेचं चीज... आमचं स्वयंपाकघर सहा बाय आठचं. यातलं खरंच काय लागतं? — एक आई, विलेपार्ले

ताई, यादीचा कागद उलटा करा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घ्या.

सिन्योराकडे भिंतीतलं एकच फडताळ होतं. वरच्या फळीवर पास्ता, एक लांब आणि एक आखूड, दोनच प्रकार. मधल्या फळीवर राजम्याच्या भावकीतला वाळवलेला घेवडा, काबुली चणे आणि चण्याचं पीठ. खालच्या फळीवर खडेमीठ, मिठात दाबलेल्या अँचोव्हीची बरणी, मिठातलेच केपर (एका झुडपाच्या न उमललेल्या कळ्या), वाळक्या अळंब्यांची पुडी, व्हिनेगर आणि ऑगस्टमध्ये घरी भरलेल्या टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या. तेलाचा पत्र्याचा डबा उजेड लागू नये म्हणून कोपऱ्यात जमिनीवर. टोपलीत कांदे, लसूण आणि शिळा पाव. फडक्यात गुंडाळलेला चीजचा एक तुकडा. खिडकीत बेझिलची कुंडी. संपलं. मिश्र मसाल्याची पुडी शोधूनही सापडली नसती.

ते फडताळ पाहून मला आठवली आमच्या घरची आगोट. गुहागरकडे मेच्या अखेरीला आई पावसाळ्याची बेगमी करायची : सुकट, खारवलेले बांगडे, आमसुलं, कुळीथ, सांडगे, फणसपोळी. सिन्योराची बेगमी हिवाळ्यासाठी, आईची पावसाळ्यासाठी. युक्ती तीच, उन्हात वाळवा, मिठात दाबा, तेलात बुडवा. सिसिलीत तर टोमॅटोचा रस लाकडी फळ्यांवर पसरून भर ऑगस्टच्या उन्हात ठेवतात आणि हाताने फिरवत फिरवत त्याचा विटेच्या रंगाचा घट्ट गोळा करतात. तिकडे त्याला ‘स्त्रात्तू’ म्हणतात. आमची काकू आंब्याची साठं घातली की काठी घेऊन कावळ्यांवर नजर ठेवून बसायची, तिला तिथे नेऊन बसवलं असतं तर पहिल्याच दिवशी कामाला लागली असती.

आता खरेदी. तीन गोष्टींवर पैसे खर्च करा, बाकीचं वाण्याकडे मिळतं.

पहिली गोष्ट पास्ता. पाकिटाच्या मागे ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलेलं हवं, मैदा नको. ड्युरम म्हणजे कडक, पिवळसर गहू, आपला बन्सी त्याच जातीचा. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरमचाच करायचं बंधन घातलं. मैद्याचा पास्ता पाणी दुधासारखं करतो आणि मिनिटभर उशीर झाला की त्याची खळ होते. पाकिटातून पाहा : पास्ता पांढुरका, पीठ भुरभुरल्यासारखा दिसला तर तो ब्राँझच्या साच्यातून काढलेला असतो, त्याच्या खरखरीत अंगाला रस धरतो. काचेसारखा गुळगुळीत असेल तर रस खाली ताटात आणि पास्ता वर कोरडा.

दुसरी गोष्ट तेल. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणजे ऑलिव्हचं फळ नुसतं दळून-दाबून काढलेलं, आम्लता जास्तीत जास्त ०.८ टक्के. ‘पोमेस’ म्हणजे उरलेल्या चोथ्यातून रसायनाने ओढून, शुद्ध करून, वरून थोडं चांगलं तेल मिसळून विकलेलं. दुकानदार ‘आपल्या जेवणाला हेच बरं’ म्हणत पोमेस पुढे सरकवतो. त्यापेक्षा तळण-परतणाला तुमचं नेहमीचं तेल घ्या आणि एक्स्ट्रा व्हर्जिनची लहान बाटली आणून ती वरून कच्ची घाला, वरणावर तुपाची धार सोडता तशी. सिन्योरा घेवड्याच्या सुपावर अशीच धार सोडायची, आणि माझ्या वाटीवर जरा जास्त. तसं पाहिलं तर अख्खी इटली ऑलिव्हवर चालत नाही. उत्तरेला पो नदीच्या खोऱ्यात जुनी घरं लोणी आणि डुकराच्या चरबीवर रांधायची. कोकणात खोबरेल, देशावर शेंगदाण्याचं, तसंच हे.

तिसरी गोष्ट, सोललेल्या अख्ख्या टोमॅटोचा डबा. आपले संकरित टोमॅटो ट्रकमध्ये टिकावेत म्हणून घडवलेले, सालीला जाड आणि चवीला पाणचट. भायखळ्याच्या मंडईत पिकलेले गावठी मिळाले तर डबा राहू द्या. गावठी टोमॅटोला डब्याची सर नाही असं नव्हे, उलटंच.

आता खोडायला घ्या. ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारं सुवासिक अळंबं, पण त्याच्या तेलाच्या बहुतेक बाटल्यांत ते नसतं, प्रयोगशाळेत केलेला वास असतो. बाल्सामिक म्हणजे द्राक्षांच्या रसाचं व्हिनेगर. मोदेना शहराचं खरं पारंपरिक बाल्सामिक लाकडी पिंपांत कमीत कमी १२ वर्षं मुरवतात आणि ते थेंबांनी वापरतात. मुलाच्या पगारात बसेल ते हे नव्हे. सीझनिंगची पुडी तर तिथल्या घरात नसतेच. ओरेगॅनो प्रामुख्याने दक्षिणेतला आणि तोही एकटा वापरतात. खिडकीत ओव्याचं रोप असेल तर त्याचं पान चुरगाळून हुंगा, दोघांच्या वासातला मुख्य घटक एकच.

पेस्टोची बाटली? पेस्टो म्हणजे ठेचा. शब्दच मुळी ‘पेस्तारे’ म्हणजे ठेचणे यावरून आला. बेझिल, लसूण, खडेमीठ, चिलगोजे, चीज आणि तेल, संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने. मिक्सरच्या पात्याने पान गरम होऊन काळवंडतं. आपण ठेचा बाटलीतून आणतो का? (आणतात म्हणा हल्ली.) बेझिल महाग वाटत असेल तर फालुद्यातला सब्जा कुंडीत पेरा. सब्जा हे बेझिलचंच बी. जेनोव्याच्या पानाला जो गोडवा असतो तो येईलच असं नाही, काही रोपांना बडीशेपेची झाक येते. पण कुंडीला खर्च शून्य.

प्रश्न : टोमॅटोबद्दल तुम्ही लिहिलंत ते मिस्टरांना अजिबात पटलेलं नाही. टोमॅटोशिवाय इटली म्हणजे आंब्याशिवाय रत्नागिरी, म्हणतात. शिवाय शेवया मार्को पोलोने चीनमधून नेल्या हे त्यांनी शाळेत वाचलंय. — एक वाचक, मुलुंड

मिस्टरांना विचारा, ज्ञानेश्वरांच्या काळात या मातीत मिरची होती का? नव्हती, मिरी होती. मिरची, टोमॅटो, मका, बटाटा ही सगळी अमेरिकेची मंडळी. आपल्याकडे त्यातली बरीचशी पोर्तुगिजांच्या गलबतांतून उतरली, इटलीत स्पॅनिशांच्या वाटेने. सोळाव्या शतकात टोमॅटो तिथे पोचला, पण बरीच वर्षं लोक त्याच्याकडे बागेतली शोभा म्हणून आणि जरा संशयानेच बघत होते. टोमॅटोच्या सॉसची छापील कृती सतराव्या शतकाच्या शेवटी नेपल्समध्ये अंतोनियो लातिनी या मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याने दिली, आणि तिलाही त्याने ‘स्पॅनिश पद्धतीचा’ म्हटलंय. शेवया आणि टोमॅटो एका ताटात छापील रूपात आले ते १८३९ साली, नेपल्सच्याच इप्पोलितो काव्हाल्कान्तीच्या पुस्तकात. म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर.

मार्को पोलोचं म्हणाल तर तो व्हेनिसला परतला १२९५ साली. त्याच्या आधी १२७९ मध्ये जेनोव्यातल्या एका माणसाच्या मालमत्तेच्या यादीत ‘माकारोनीने भरलेलं पिंप’ नोंदलेलं आहे. त्याहून आधी, ११५४ मध्ये, अल-इद्रिसी या अरब भूगोलकाराने सिसिलीतल्या पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचं वर्णन केलंय : तिथे धाग्यासारख्या शेवया करतात आणि जहाजं भरभरून पाठवतात. मला हे वाचून भारी आनंद झाला. सुका पास्ता हे मुळात बोटीचं अन्न. कुजत नाही, जागा कमी घेतो, पाणी आणि विस्तव मिळाला की जेवण तयार. बोटीवर माझ्या भांडारात सगळ्यात मागे, सगळ्यात शेवटी उरणारा माल तोच असायचा.

आणि टोमॅटोआधी पास्त्यावर काय घालायचे? चीज. श्रीमंतांच्या घरी वर साखर आणि दालचिनीसुद्धा. शेवयांच्या खिरीला नाक मुरडणाऱ्या इटालियनाला हे जरूर ऐकवा.

प्रश्न : पास्ता शिजवताना पाण्यात तेल घालायचं का? — एक नववधू, डोंबिवली

नाही. तेल पाण्यावर तरंगतं, पास्ता ओतताना त्याला लागतं आणि मग वर रस धरत नाही. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम खडेमीठ, खळखळून उकळल्यावर. पाकिटावरच्या वेळेच्या एक-दोन मिनिटं आधी काढून, त्यातलं पेलाभर पाणी राखून, उरलेलं शिजवणं रसाच्या कढईत करा. ते पिठूळ पाणी थोडं थोडं घालत गेलं की तेल आणि रस एकजीव होतात. थंड पाण्याने धुऊ नका, बाई. ते पीठच तर हवं असतं.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. पार्मेजान चालतं का? एकजण म्हणतं चालतं, एकजण म्हणतं त्यात वासराचं काही असतं. — एक कुटुंब, दादर

दुसऱ्याचं खरं. पार्मिज्यानो रेज्ज्यानो हे नाव ज्या चीजला लावता येतं, त्याचं दूध रेनेटनेच, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणानेच, साकळवतात, नियमच तसा आहे. हे पार्मा, रेज्जो एमिल्या, मोदेना आणि बोलोन्या-मान्तोव्याच्या काही भागातच होतं. एका चाकाला सुमारे ५५० लिटर दूध लागतं आणि ते कमीत कमी १२ महिने पिकवतात. मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो रोमानो, जे नावाने रोमचं असलं तरी बहुतेक सार्डिनिया बेटावर होतं, त्यालाही कोकराचं रेनेट. भारतात होणारी बरीच चीजं सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटवर असतात, त्यांच्या वेष्टनावर हिरवा ठिपका पाहून घ्या. चव तितकी खोल नसते, खोटं कशाला बोलू.

पण तुम्हाला खरी वाट सांगतो. दक्षिण इटलीत चीज न परवडणाऱ्या घरांनी शिळ्या पावाचा चुरा तेलात लालसर परतून पास्त्यावर चीजच्या जागी भुरभुरला. मुंबईत शिळा पाव ही काही दुर्मीळ वस्तू नाही. कालचे चार पाव उन्हात कडक करा, हाताने भरड चुरा करा (मिक्सर लावलात तर पीठ होईल), लोखंडी तव्यावर दोन चमचे तेलात, ठेचलेली लसणाची पाकळी आणि लाल मिरचीचा तुकडा घालून, सुकं खोबरं भाजताना देता तितकंच लक्ष देऊन परता. पाहता पाहता जळतं. नुसत्या तेल-लसणाच्या स्पॅगेटीवर हा कुरकुरीत चुरा घातला की माझी नात चीज मागत नाही. सिन्योरा शुक्रवारी त्यातच दोन अँचोव्ही विरघळवायची. ते तुम्ही सोडून द्या.

प्रश्न : माझं वय ८१. लग्नाच्या रुखवतासाठी आम्ही गव्हले, नखुले, मालत्या वळायचो. नातसून म्हणाली, आजी, हा तर पास्ता. हे खरं का? — एक आजी, गिरगाव

आजी, नमस्कार. नातसून बरोबर बोलली, आणि तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

इटलीच्या टाचेवर पुल्या नावाचा प्रांत आहे. त्यातल्या बारी शहराच्या जुन्या भागात बायका दारात, रस्त्यावर टेबल मांडून ‘ओरेक्किएत्ते’ वळतात. शब्दाचा अर्थ छोटे कान. ड्युरमचा रवा आणि कोमट पाणी, दुसरं काही नाही. कणीक दोरीसारखी वळायची, बोटभर तुकडा कापायचा, बोथट सुरीने फळीवर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटवायचा. अंगठ्याचा खळगा म्हणजे कानाची पाळी. तुम्ही नखुल्याला नखाचा ठसा देता तशीच ही अंगठ्याची सही. जेनोव्यातही घरोघरी ‘त्रोफिए’ वळतात, तळव्याखाली फिरवून पीळ दिलेली इवलीशी वळी. सिन्योरा ती वळताना रेडिओ ऐकायची आणि हाताकडे बघायचीसुद्धा नाही. मी १० वळेपर्यंत तिची ५० व्हायची. माझ्या वळ्या तिने वेगळ्या शिजवल्या. म्हणाली, जाड-बारीक एकत्र घातलं तर एक कच्चं राहतं, एक फुटतं.

एक फरक आहे. अंडी घालून लाटलेला ताजा पास्ता, १०० ग्रॅम मऊ पिठाला एक अंडं, हा उत्तरेकडचा, एमिल्याचा आणि खात्यापित्या घरांचा. रवा-पाण्याचा दक्षिणेचा. तुमचे गव्हले त्या दक्षिणेच्या पंगतीत बसतात. आणखी एक गंमत : आपला खपली गहू, ज्याची सांगली-कोल्हापूरकडे खीर करतात, तोच गहू तिथे ‘फार्रो’ नावाने विकतात. तोस्कानाच्या डोंगरात गार्फान्याना नावाचं खोरं आहे, तिथे घेवडा घालून त्याचं दाट सूप करतात.

नातसुनेला गव्हले वळायला शिकवा. खिरीसाठी शिकवा, आणि एखाद दिवशी मुठभर भाज्यांच्या पातळ सारात टाकून बघा. इटालियन लोक अशा बारक्या पास्त्याला सुपातच घालतात, आजारी माणसाला आणि पोरांना देतात.

प्रश्न : ‘इटालियन आजीचा साधा आहार’ हा आरोग्याचा आदर्श असं हल्ली सगळीकडे वाचते. गरिबांचं जेवण इतकं चांगलं होतं तर मग आपणही तेच खावं ना? — आहारशास्त्राची विद्यार्थिनी, माटुंगा

थोडं सावकाश घे बाळ. भूमध्य समुद्राकाठचा आहार युनेस्कोने २०१० साली वारशाच्या यादीत घेतला, ते ठीकच. कडधान्यं, भाज्या, मासे, ऑलिव्हचं तेल, यात वाईट काय असणार. पण गरिबी आणि चांगलं जेवण ही एकच गोष्ट समजू नकोस.

उत्तर इटलीत अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शेतमजुरांना तिन्ही त्रिकाळ पोलेंता मिळायची, मक्याच्या पिठाचं घट्ट घाटं. सोबत काही नाही. त्यातून पेलाग्रा झाला : कातडी सोलवटते, हगवण लागते, डोकं फिरतं, माणूस मरतो. वेड्यांची इस्पितळं त्या रोग्यांनी भरली होती. कारण फार पुढे, विसाव्या शतकात उमगलं. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सुटं होऊन मिळत नाही. मेक्सिकोचे लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळायचे, त्याने ते सुटं होतं. युरोपने मका उचलला आणि चुना तिथेच ठेवला. तू हे वर्गात सांग, कुणीतरी नक्की विचारेल की आपले लोक पानाला चुना लावतात त्याचं काय. तो वेगळा विषय.

साधारण १८८० ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ३० लाख माणसं इटली सोडून गेली. कित्येकजण जेनोव्याच्या धक्क्यावरूनच. सिन्योराचे दोन काका गेले होते, ब्युनोस आयर्सला. तिकडून पहिल्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की इथे रोज मांस मिळतं. ते पत्र तिने मला दाखवलं होतं. घडीवर फाटलेलं.

प्रश्न : रिसोत्तोला इंद्रायणी किंवा आंबेमोहर चालेल का? इटालियन तांदळाचा भाव बघून घाबरले. — एक शिक्षिका, ठाणे

इंद्रायणी चालेल, बासमती मुळीच नाही. आर्बोरियो आणि कार्नारोली हे तिथले आखूड, जाड दाणे. बाहेरून पीठ सोडतात आणि मधे दाताला लागतात. आपला चिकट तांदूळ पीठ सोडतो पण मधून लवकर मऊ पडतो, म्हणून दोन-तीन मिनिटं आधी थांबा. तांदूळ धुवायचा नाही, हे हात आवरून लक्षात ठेवावं लागतं. कांदा लोण्यात रंग न येऊ देता परता, तांदूळ घालून दाणा गरम होईतो हलवा, मग भाज्यांचं उकळतं पाणी पळी-पळीने. थंड पाणी घातलंत की शिजणं अडखळतं. शेवटी विस्तव बंद करून थंड लोणी आणि चीज घालून जोरात घोटा. ताटली हलवली तर भात लाटेसारखा सरकला पाहिजे. डाव उभा राहिला तर तो मसालेभात झाला. युरोपात सगळ्यात जास्त भात इटलीतच पिकतो, पो नदीच्या खोऱ्यात. व्हेर्चेल्लीकडची चिखलणी केलेली खाचरं मी रेल्वेतून पाहिली तेव्हा क्षणभर वाटलं, पेण आलं.

प्रश्न : शेजारीण जैन आहे. कांदा, लसूण, बटाटा काहीच नाही. तिला इटालियन म्हणून काय खायला घालू? — एक गृहिणी, घाटकोपर

पानेल्ले. पालेर्मोचं रस्त्यावरचं खाणं, आणि तुम्हाला ते आधीपासून येतं, फक्त नाव माहीत नाही.

पाव किलो बेसन, पाऊण लिटर थंड पाणी, मीठ. गुठळी न होता कालवा, मग मध्यम आचेवर ढवळत राहा. आधी पिठलं दिसेल, मग पाटवडी. १५-२० मिनिटांनी गोळा कडा सोडायला लागला की त्यात चिरलेली पार्सली, नसली तर कोथिंबीर. हळद नको, हिंग नको, फोडणी नको, इथे हात आखडता घ्या. तेल लावलेल्या उलट्या ताटावर पातळ थापा, गार झाल्यावर चौकोन कापून कडकडीत तेलात तळा. वर लिंबू. पालेर्मोला ते तीळ लावलेल्या मऊ पावात भरून देतात. तळलेलं बेसन पावात घालून उभ्याने खाणारं दुसरं एक शहर जगात आहे हे मला तिथे कळलं, तेव्हा मी लागोपाठ तीन खाल्ले.

भट्टी असेल तर जेनोव्याची ‘फारिनाता’ करा. तेच पीठ पण पातळ, एका लिटरला ३०० ग्रॅम, चार तास भिजवून, वरचा फेस काढून, भरपूर तेल घातलेल्या परातीत ओतून जितकी गरम होईल तितक्या गरम भट्टीत. वरून सोनेरी, आतून धिरड्यासारखं मऊ. वर मिरपूड. जैन शेजारणीला दोन्ही चालतील.

प्रश्न : काका, मी अंधेरीत पीजीत राहतो, इंडक्शनवर व्हाइट सॉस पास्ता करतो. तो खरंच इटालियन नाही का? मित्र चिडवतात. — एक इंजिनियर

अरे, लोणी-मैदा-दुधाचा पांढरा सॉस इटलीत आहे, बेशामेल्ला म्हणतात, आणि बोलोन्याच्या लझान्यात तो थरांच्या मधे जातो. मक्याचे दाणे आणि सिमला मिरची घातलेलं जे तू करतोस ते मुंबईचं. चांगलं लागतं, खा.

बाटलीतलं क्रीम आणण्याआधी मात्र एकदा कार्बोनारा करून बघ, अंडं खात असलास तर. अंड्याचा बलक, किसलेलं पेकोरीनो, भरड मिरी आणि डुकराच्या गालाचं मांस. विस्तव बंद करून गरम पास्त्यातच बलक घोळवायचा, त्याचाच सॉस होतो. आच चालू ठेवलीस तर अंडाभुर्जी. हा पदार्थ दुसऱ्या महायुद्धानंतर रोममध्ये नावारूपाला आला, आणि १९५४ साली एका इटालियन मासिकाने छापलेल्या कृतीत लसूण आणि ग्रुयेर चीज होतं, जे आज घातलं तर रोमकर ओरडतील. तेव्हा ‘खरं इटालियन’ म्हणणाऱ्यांना फार घाबरू नकोस.

मी स्वतः काय केलं ते सांगतो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, आमच्या बोटीवर नेपल्सचे चीफ इंजिनियर होते. मी त्यांना खूश करायला स्पॅगेटी केली, २० मिनिटं उकळली आणि वर टोमॅटो केचअप. त्यांनी एक घास घेतला, काही न बोलता उठून गेले, खोलीतून स्वतःचं पातेलं घेऊन आले आणि माझ्या शेजारी चुलीपाशी उभे राहिले. पुढचे सहा महिने रविवारी भंडारी तेच.

प्रश्न : पावसाळ्यात पास्त्याला टोके होतात. उपाय? — एक वाचक, लालबाग

पाकीट आणलं की आधी ४ दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी असतील ती मरतात. बाहेर काढलं की पाकीट खोलीइतकं उबदार होईतो फोडू नका, नाहीतर आत दव धरतं. मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. रवा-बेसनालाही हेच. सबंध किलोचं पाकीट जूनमध्ये घेऊच नका, अर्धा किलो पुरे. ऑलिव्ह तेलाची बाटली गॅसच्या ओट्यावर, शोभेला, उन्हात ठेवणाऱ्यांना मी काही सांगू शकत नाही.

गेल्या जुलैत माझ्याच बरणीत टोके निघाले. बायको टाकून द्या म्हणाली. मी पास्ता सुपात घेऊन पाखडला, खळखळून उकळला आणि खाल्ला. बोटीवर असतो तर पाखडलाही नसता.